महापौरांची आई रांगेत

माणूस कसा आहे हे मला त्याच्या वाचण्यावरून कळतं. अठ्ठावीस वर्षं मी नगर सरकारच्या कचेरीत पुढाऱ्यांची भाषणं लिहिते आहे. सहा उपमहापौर माझ्या हाताखालून गेले. कागदोपत्री मीच त्यांच्या हाताखाली होते, पण सभेत त्यांच्या तोंडून निघायचे ते शब्द माझे. एक जण मागे कुत्रा लागल्यासारखा वाचत सुटायचा. एकाने भर दुष्काळात आदल्या वर्षीचं पुराचं भाषण वाचलं, आणि टाळ्या तेवढ्याच पडल्या. त्यामुळे सातवे यान बोछंग आले तेव्हा मी फारशी आशा ठेवली नव्हती.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नऊ पानांचं भाषण समोर ओढलं, खिशातून पेन काढलं आणि त्याचं अडीच पानांचं करून परत दिलं.

"शाओ बाई, हे सगळं काढलं तरी अर्थ तोच राहतो. मग ठेवायचं कशाला?"

"साहेब, ते अर्थासाठी नसतं. वजनासाठी असतं," मी म्हणाले.

"वजन डुकराच्या मटणाचं करतात," ते म्हणाले आणि पुढच्या फाइलीकडे वळले.

मला राग आला. अठ्ठावीस वर्षांत माझ्या 'अविचल' आणि 'गौरवशाली'ला कुणी हात लावला नव्हता. घरी जाऊन नवऱ्याला हे सांगितलं तर तो जेवता जेवता इतका हसला की त्याला ठसका लागला. मग मलाही हसू आलं, पण राग गेला नाही.

साहेब मूळचे बँकेतले. 'उपमहापौर' हे फक्त पाटीवर. आमच्याकडे तोंडाने 'उप' कुणी म्हणत नाही, म्हटलं तर समोरच्याचा चेहरा पडतो. तर हे यान महापौर अठराव्या वर्षी श्वांगछ्याओ या आपल्या गावच्या पतसंस्थेत सायकलवरून कर्ज वाटत फिरत होते. समुद्राकाठची खारट जमीन, बदकं पाळणारे लोक, कुणाकडे तारण म्हणून दाखवायला डुकरापलीकडे काही नाही. यानची रीत अशी की कर्ज मागणाऱ्याच्या घरी नंतर जायचं, आधी त्याच्या शेजाऱ्याकडे जाऊन पाणी मागायचं. पाणी पिऊन होईपर्यंत शेजारी सगळं सांगून मोकळा होतो. सात वर्षांत त्यांनी दिलेलं एकही कर्ज बुडलं नाही.

पुढे ते एका लहान शाखेचे मॅनेजर झाले. तिथे एकदा अफवा उठली आणि लोक ठेवी काढायला धावले. तिशीतल्या यानने तिजोरीतल्या नोटांची बंडलं काउंटरच्या काचेमागे विटांसारखी रचून छातीएवढी भिंत उभी केली. लोकांनी भिंत बघितली आणि ठेवी न काढताच घरी गेले. ही गोष्ट प्रांतभर झाली, बँकेच्या प्रशिक्षणात शिकवली जाऊ लागली. चव्वेचाळिसाव्या वर्षी ते प्रांताच्या राजधानीतल्या मोठ्या शाखेचे प्रमुख होते. हाताखाली तीनशे माणसं होती.

त्याच सुमारास वरून असा वारा सुटला की प्रत्येक नगरात पैशाची जाण असलेला एक उपमहापौर हवा. पक्षाच्या संघटन विभागाने त्यांना विचारलं आणि ते हो म्हणाले. पगार चौथाईवर आला. बायको राजधानीत रसायनशास्त्र शिकवते. तिने महिनाभर अबोला धरला आणि मग तिथेच राहिली.

"का आलात हो साहेब?" मी एकदा गाडीत विचारलं.

"बँकेत मी एका माणसाला हो किंवा नाही म्हणत होतो. म्हटलं, इथे अख्ख्या गावाला म्हणता येईल."

या भल्या माणसाला कोण सांगणार की आमच्याकडे हो किंवा नाही असं काही नसतंच. आमच्याकडे 'अभ्यास करू' असतं.

ही गोष्ट घडली ते त्यांचं दुसरं वर्ष. चांद्र वर्षाचा बारावा महिना संपत आला होता, वसंत सण, म्हणजे आमचं नवं वर्ष, आठवड्यावर होता. दक्षिणेतल्या कारखान्यांतून पोरंसोरं गावी परतली होती, घरोघरी सॉसेज वाळत टांगली होती. श्वांगछ्याओमध्ये एका माणसाने मुलाच्या लग्नासाठी ग्रामीण बँकेतून दोन लाख युआन मागितले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, एवढी रक्कम हवी तर आदल्या दिवशी कळवायला लागतं, उद्या या. नियमच आहे तसा. पण माणूस बाहेर येऊन म्हणाला, "बँकेत पैसे नाहीत." झालं. त्याच साली शहरातल्या दोन खासगी वित्त कंपन्यांनी लोकांच्या तोंडाला पानं पुसून पळ काढला होता. दुधाने पोळलेले लोक ताकही फुंकून पितात. संध्याकाळपर्यंत बँकेसमोर शंभर माणसं होती, दुसऱ्या दिवशी उजाडताना सहाशे.

बँक अगदी भक्कम होती हे आधीच सांगते. साहेबांनी पहाटे तिचे आकडे बघितले आणि म्हणाले, "यात काही खोट नाही. पण आज संध्याकाळपर्यंत रांग मोडली नाही तर उद्या ती शेजारच्या गावांत लागेल, आणि सगळ्यांनी एकदम मागितले तर जगातली कुठलीच बँक टिकत नाही." श्वांगछ्याओ त्यांचं जन्मगाव. तिथल्या म्हाताऱ्यांना त्यांनीच पूर्वी घरोघरी जाऊन गादीखालचे पैसे बँकेत ठेवायला शिकवलं होतं. ते पैसे बुडाले असते तर या माणसाला त्या गावात पाय ठेवायला जागा उरली नसती.

पण ते आत्मविश्वासाने निघाले. हे संकट त्यांनी पूर्वी एकदा जिंकलेलं होतंच. तीन काळ्या गाड्या, पोलिसांची एक, टीव्हीवाल्यांची एक. मी रात्रीतून चार पानी भाषण लिहिलं होतं, आणि घाई असल्यामुळे त्यांनी या खेपेला ते छाटलं नाही. गावात पोचल्या पोचल्या बँकेचे अध्यक्ष फान यांच्याकडून त्यांनी नोटांची भिंत रचून घेतली. लाल नोटा, सुबक, काचेमागे छातीएवढी. मग पायरीवर उभं राहून कर्णा तोंडाशी धरला आणि माझं भाषण वाचायला सुरुवात केली. "व्यापक जनसमुदायाने दृढ विश्वास बाळगावा..."

रांग मोडली नाही. उलट, मी डोळ्यांनी बघितलं, ती वाढली. गल्लीबोळांतून लोक धावत येऊ लागले. कुणी स्टूल घेऊन, कुणी पोर काखेत मारून.

बँकेसमोर वाफेवरचे पाव विकणारा तिंग नावाचा एक जाडा माणूस होता. गाडी बायकोवर टाकून तोही रांगेत उभा होता. तो मोठ्याने म्हणाला, "काही झालं नसतं तर महापौर आला असता का? नाल्यात माझा मेव्हणा पडला, तेव्हा पोलिसपाटील पण नाही आला."

"आणि ती भिंत?" मागची एक बाई म्हणाली.

"भिंत कसली! एवढ्यात तर रांगेतल्या पहिल्या साठ जणांचंही भागत नाही. बाकीच्यांनी काय, काच चाटायची?"

लोक हसले, पण रांगेतून कुणी हललं नाही. साहेबांच्या कपाळावर घाम आला, तोही माघ महिन्यासारख्या थंडीत. मला तेव्हाच चूक कळली, त्यांना दोन मिनिटांनी कळली. पूर्वी ते मॅनेजर होते. मॅनेजर बँकेत असतोच, त्याच्या असण्याचं कुणाला काही वाटत नाही. आता ते महापौर होते, आणि महापौर पाच गाड्या घेऊन येतो तो फक्त आग लागल्यावर. आम्ही हात दाखवून अवलक्षण केलं होतं.

तेवढ्यात फान अध्यक्ष घाईघाईने आले आणि साहेबांच्या कानाशी लागले, पण घाबरलेल्या माणसाची कुजबुज चार घरं ऐकते. "यान महापौर, रांगेत सदतिसाव्या नंबरवर... तुमच्या मातोश्री आहेत."

खरंच होत्या. शहात्तर वर्षांच्या, निळा कापसाचा कोट, खाली घरून आणलेलं स्टूल, पायाशी थर्मास. आयुष्यभर बदकांची अंडी खारवून विकलेली बाई. साहेबांनी किती वेळा शहरात राहायला बोलावलं, पण ती म्हणायची, तुमच्याकडे कोंबडा आरवत नाही, मला उठायचं कळत नाही.

साहेब तिच्याजवळ गेले. शे-दीडशे माणसांच्या माना त्यांच्याबरोबर वळल्या. मी भाषणाचा कागद घेऊन मागे.

"आई, तू इथे काय करतेस?"

"रांगेत आहे. दिसत नाही?"

"घरी चल. मी गाडीतून सोडतो."

"नंबर जाईल माझा. पहाटे चारला आलेय." मग शेजारच्याला म्हणाली, "माझा मुलगा. शीथौ." शीथौ म्हणजे दगड. पोर दगडासारखं टिकावं म्हणून लहानपणी ठेवलेलं नाव. महापौरांचं हे नाव नगर सरकारात मला एकटीला नव्याने कळलं, गावाला माहीतच होतं.

साहेबांनी आवाज खाली घेतला. "आई, सगळे बघतायत. तू पैसे काढलेस तर म्हणतील, महापौराच्या आईचाच विश्वास नाही. मग थांबवणार कोण?"

"म्हणजे मी तुझ्यासाठी पैसे ठेवायचे?"

"बँक भक्कम आहे. मी आकडे बघितलेत."

"हे तू आत्ता सांगितलंस. तिथे पायरीवर काय वाचत होतास?" तिने माझ्या हातातल्या कागदाकडे हनुवटी केली. "ते कुणी लिहिलं?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तीन पक्षसचिवांची बोलणी मी खाल्ली आहेत, पण त्या म्हातारीच्या नजरेसमोर मला कागद पाठीमागे लपवावासा वाटला.

"पोरी, अक्षर चांगलं असेल तुझं," ती म्हणाली. "पण व्यापक जनसमुदाय म्हणजे कोण गं? मी का?"

"हो, म्हणजे... तुम्ही पण, आजी," मी म्हणाले.

"मग आजी म्हण ना सरळ." ती पुन्हा मुलाकडे वळली. "शीथौ, तू सायकलवर होतास तेव्हा म्हणायचास, तिंगच्या बापाला पैसे देऊ नका, जुगार खेळतो. आणि आम्ही देत नव्हतो. तो तुझा शब्द होता. आता तू दुसऱ्याचं वाचतोस. आणि त्या नोटा काय मांडून ठेवल्यास? ज्याच्या घरी भात असतो, तो झाकण उघडून दाखवत फिरत नाही."

"माझ्या बापाचं मधेच कशाला काढता, यान काकू?" तिंग मागून ओरडला.

"खोटं आहे का?"

"खोटं नाही, पण वारला तो!"

आसपासची माणसं हसली. साहेब मात्र हसले नाहीत. ते आईसमोर उकिडवे बसले, स्टुलाच्या उंचीला. महापौर भर रस्त्यात उकिडवा बसलेला मी तोवर बघितला नव्हता.

"तुझी तीन वर्षांची मुदतठेव आहे ना? चार महिने राहिलेत. आज मोडलीस तर सगळं व्याज जाईल."

"जाईल. या सगळ्यांचंच जाईल. ती मागची बाई दोन वर्षांचं व्याज सोडून आलीय. आम्ही काय वेडे आहोत? व्याज गेलं तरी चालेल, मुद्दल हातात दे, इतकी भीती बसलीय. आणि तू आम्हाला सांगतोस, दृढ विश्वास बाळगा."

साहेब उठले, आणि उठले ते मॅनेजर होऊन. काळं जाकीट काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"पोलिस आणि टीव्हीवाल्यांना परत पाठवा, शाओ बाई. आपल्या गाड्याही. पाच मिनिटांत इथे एक गाडी दिसता कामा नये."

आत जाऊन त्यांनी फान अध्यक्षांना विचारलं, "कॅशियर एवढे हळू का मोजतायत?"

"मीच सांगितलंय, प्रत्येक बंडल तीनदा मोजा. तेवढाच वेळ निघतो."

"आणि बाहेर लोक म्हणतात, देताना हात थरथरतायत. एकदाच मोजायचं. मशीनवर. चार खिडक्यांच्या आठ करा. भिंत पाडा आणि ती आधी वाटा. शेवटचा माणूस जाईपर्यंत दार बंद होणार नाही."

"पण रोकड..."

साहेबांनी तीन फोन केले, तिन्ही जुन्या बँकेतल्या माणसांना, मिनिट-मिनिटाचे, आणि फानना म्हणाले, "दुपारी दोनला एक गाडी येईल, चारला दुसरी. रोकड हा प्रश्नच नाही. प्रश्न व्याजाचा आहे. आज ज्यांनी मुदत मोडली, त्यांनी तीन दिवसांत पैसे परत आणले तर जुनी तारीख कायम धरायची. व्याजाचा एक पैसाही बुडणार नाही."

फान पांढरे पडले. "हे माझ्या अधिकारात नाही, महापौर. प्रांतातून मंजुरी लागेल."

मग साहेबांनी नगराच्या पक्षसचिवांना, म्हणजे महापौरांच्याही वरच्या माणसाला, फोन लावला. सचिव ल्यांग यांचा आवाज असा की फोन कानाला लावला तरी अख्खी खोली ऐकते.

"यान, उद्या सकाळी स्थायी समितीची बैठक घेऊ. सगळे मिळून अभ्यास करू, मग प्रांताला विचारू."

"उद्या सकाळी ही रांग आणखी दोन गावांत असेल, सचिव साहेब."

"आपल्याकडे निर्णय सामूहिक असतो. एकट्याचा निर्णय म्हणजे एकट्याची मान. तुम्ही नवे आहात म्हणून सांगतो."

"समजलं."

"समजलं म्हणजे काय करणार आहात?"

"समजलं," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची मला सवय आहे, पण त्यांचा फोन असा ठेवलेला मी पहिल्यांदाच बघितला. मी घाबरले, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला.

बँकेशेजारी सणाचे लाल कागद विकणारा बसला होता. लोक दारावर लावायला त्याच्याकडून शुभवचनं लिहून नेतात. साहेबांनी त्याच्याकडून एक मोठा कागद, ब्रश आणि शाई घेतली.

"मी लिहिते," मी पुढे झाले.

"तुमचं अक्षर चांगलं आहे, शाओ बाई. म्हणूनच नको."

त्यांचं अक्षर खरोखर वाईट होतं, बँकवाल्यांचं असतं तसं, सगळं उजवीकडे कलंडलेलं. त्यांनी लिहिलं: ज्यांना पैसे हवेत त्यांना आज मिळतील. जे तीन दिवसांत, संध्याकाळी पाचच्या आत, परत आणतील त्यांचं व्याज जुन्या तारखेपासून मिळेल. बँकेने दिलं नाही तर मी देईन. माझं राजधानीतलं घर या शब्दाला जामीन.

"साहेब!" मी त्यांचा हातच धरला. "एवढ्या लोकांचं व्याज! घर विकून तरी भागेल का?"

"भागतं. या शाखेच्या निम्म्या मुदतठेवी मोडल्या असं धरलं तर बारा लाखांच्या आत. घर अठराला जाईल. न भागणाऱ्या कागदावर मी आयुष्यात सही केलेली नाही." मग त्यांनी पुन्हा फोन काढला. "जामीन राहायचं तर बायकोची संमती लागते. नियम आहे."

बायको वर्गात होती. बाहेर येऊन तिने सगळं ऐकून घेतलं. साहेब बोलत होते ते मला ऐकू येत होतं, ती काय म्हणाली ते नाही. फोन ठेवून त्यांनी शेवटची ओळ लिहिली: पत्नीची संमती आहे. खाली नाव, ओळखपत्राचा क्रमांक, स्वतःचा मोबाइल नंबर. काउंटरवरची लाल शाईची डबी मागवून अंगठा उमटवला.

"वहिनी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, आधी पगार घालवलास, आता घर. माझ्या नावावर स्कूटर आहे, तीही लिही हवं तर."

कागद दारावर लावला. गर्दी पुढे सरकली. ज्यांना वाचता येत नव्हतं ते ओरडू लागले, तेव्हा तिंग पाववाल्यानेच मोठ्याने वाचून दाखवलं. मोबाइल नंबरही वाचला, आणि तिथल्या तिथे लावून बघितला. साहेबांच्या खिशात फोन वाजला.

"हॅलो," साहेब दोन हातांवरून त्याच्याकडे बघत म्हणाले.

"लागतो!" तिंगने मागे वळून लोकांना सांगितलं.

आठ खिडक्या सुरू झाल्या आणि रांग झपाझप सरकली. एक खिडकी साहेबांनी स्वतः घेतली. बाह्या वर सारून ते नोटा मोजत होते, जुन्या पद्धतीने, पंख्यासारख्या पसरून, पाच-पाचच्या उड्या घेत. काउंटरवरच्या मुली आपलं काम सोडून बघू लागल्या, तेव्हा त्यांनी दरडावलं. अर्ध्या तासात सदतिसावा नंबर त्यांच्याच खिडकीवर आला.

बाहेरचा गलबला थांबला. सगळ्या गावाला बघायचं होतं, आता तरी म्हातारी परत फिरते का. साहेबांनाही तसंच वाटत असावं. त्यांनी पासबुक घ्यायला हात पुढे केला नाही.

"कागद वाचलास ना, आई?"

"तिंगने वाचला."

"मग?"

"शहाऐंशी हजार," ती म्हणाली आणि पासबुक सरकवलं. "सगळे."

साहेबांनी मोजले, एकदाच, आणि काचेखालून दिले. तिने कोटाच्या आतल्या फडक्यात बांधले, गाठ मारली, ओढून बघितली.

"म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास नाही," साहेब म्हणाले. ते महापौरांसारखे बोलले नाहीत, मॅनेजरसारखेही नाही.

"आहे की. म्हणून तर काढले." म्हातारीला खिडकीची उंची पुरत नव्हती, ती टाचा उंचावून बोलत होती. "तू घर लावलंस. तुझा शब्द तू पाळणार, मला माहीत आहे, मग घर जाणार. वरच्यांना न विचारता लावलंस, म्हणजे खुर्चीही जाणार. मग तुम्ही दोघं खाणार काय? हे तुझ्यासाठी आहेत."

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं, मग सगळीच हसली, आणि काही बायकांनी डोळे पुसले. मी पण. उगाच कशाला लपवू? साहेबांनी मान खाली घातली आणि पुढचं पासबुक मागितलं.

संध्याकाळी सहापर्यंत जो आला त्याला पैसे मिळाले. सहाला रांग संपली, कारण रांगेत उभं राहायचं कारण संपलं होतं. पैसे घेतलेले लोक चौकात घुटमळत होते. छातीशी पिशव्या कवटाळून एकमेकांकडे संशयाने बघत होते. एवढी रोकड घेऊन घरी जायचं आणि रात्रभर जागायचं, हे कुणाच्या लक्षात आधी आलं नव्हतं. तिंगच्या आलं. त्याने सव्वासहाला दार वाजवलं. "यान महापौर, आजच परत ठेवले तर चालतील का? बायको म्हणते, पावांच्या पिठात लपवू. मी म्हटलं, गिऱ्हाईक खाईल."

दुसऱ्या दिवशी दीडशे माणसं परत आली, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. शेजारच्या गावांत रांग लागलीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रांताचं पत्र आलं: श्वांगछ्याओ शाखेच्या ठेवीदारांचं व्याज कायम ठेवण्यास सामूहिक विचारान्ती मंजुरी देण्यात येत आहे. पत्रावर तारीख रांगेच्या दिवसाची होती. अशी पत्रं मी शेकड्याने लिहिली आहेत, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही. त्याच्यामागोमाग सचिव ल्यांग यांचा निरोप आला, उद्या सकाळी नऊला एकटे भेटा. त्याचं मात्र पत्र नव्हतं.

पाचला पाच मिनिटं कमी असताना म्हातारी आली. चालत आली होती, बूट चिखलाने भरलेले. साहेब काउंटरवरच होते. तिने फडकं समोर ठेवलं, पण गाठ सोडली नाही.

"घराचं काय झालं?"

"वाचलं. प्रांताने मंजुरी दिली. व्याज बँकच देणार."

"आणि खुर्चीचं?"

"उद्या सकाळी नऊला कळेल." साहेब हसत म्हणाले. "मला काळजी नाही, आई. काम झालं. त्यांनी काढलंच तर मोजणं अजून विसरलेलो नाही, बघितलंस ना परवा."

"बघितलं."

तिने गाठ सोडली. बंडलं एकेक करून काचेखालून सरकवली. सात आणि वर थोड्या सुट्या. मग आठवं बंडल उचललं, हातात तोलून बघितलं आणि कोटाच्या आतल्या खिशात घातलं.

"हे दहा हजार का ठेवलेस?" साहेबांनी विचारलं. "व्याज जाईल त्यांचं."

"जाऊ दे. बँकेवर विश्वास बसलाय माझा," ती कोटाची बटणं लावत म्हणाली. "खुर्चीवर नाही."